पिकलेल्या संत्र्याचे तीन आकडे

मध्य प्रदेशाच्या दक्षिण सीमेवर, नागपूर आणि अमरावती जिल्ह्यांना लागून असलेल्या सौंसर व पांढुर्णा या मराठीभाषक तालुक्यांत संत्र्याचा भाव बऱ्याच अंशी त्याच्या सालीच्या रंगावर ठरतो. हे दोन्ही तालुके 2023 पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यात होते आणि आता पांढुर्णा या वेगळ्या जिल्ह्यात मोडतात. अर्धनारीश्वराच्या मंदिरामुळे परिसरात ओळखले जाणारे मोहगाव हवेली हे गावही याच पट्ट्यातले. येथील बागाईतदाराला एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते, ती अशी की फळ आतून गोड झाले म्हणून बाहेरून केशरी होतेच असे नाही. सालीतले हरितद्रव्य उतरायला थंड रात्री लागतात. रात्री उबदार असताना तोडणीला आलेले आंबिया बहाराचे, म्हणजे आंब्याच्या मोहराच्या सुमारास फुललेले, फळ पुष्कळदा हिरवट राहते, तर थंडी लागल्यानंतर त्याच झाडावरचे उरलेले फळ पिवळसर आणि मग केशरी दिसू लागते. म्हणजे एकाच बागेची, एकाच झाडाची, एकाच फांदीची रंगावस्था काही आठवड्यांत पालटते, आणि जो कोणी हा परिसर पडद्यावर उभा करू पाहील त्याला हा पालट आकड्यांत मांडावा लागेल.

संगणकावरच्या किंवा मोबाइलवरच्या खेळासाठी अशी बाग तयार करायची झाली, तर चित्रकाराच्या हाती सहसा एकच छायाचित्र किंवा एकच रंगवलेले चित्र असते आणि त्यातूनच हिरवे, पाडाला आलेले आणि पिकलेले अशा तीनही अवस्थांचे फळ, शिवाय सकाळ, दुपार आणि संध्याकाळ यांचा प्रकाश त्याला निर्माण करावा लागतो. या कामाला व्यवहारात ‘कलर करेक्शन’ किंवा रंगदुरुस्ती म्हणतात. पण या नावामुळे होणारा एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे. दुरुस्ती म्हटले की चूक गृहीत धरली जाते, आणि सॉफ्टवेअरमधली सरकपट्टी इकडेतिकडे हलवून चित्र ‘छान’ दिसू लागले की काम संपले असे नवशिक्याला वाटते. वस्तुतः खेळाच्या चित्रात रंग तीन निरनिराळ्या ठिकाणी राहतो: वस्तूच्या पृष्ठभागावर, तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशात आणि सगळे दृश्य तयार झाल्यावर त्यावर चढवलेल्या अखेरच्या संस्कारात. कोणता बदल यांपैकी कोणत्या ठिकाणी करायचा हा निर्णय या कलेचा गाभा आहे, आणि बहुतेक फसलेली रंगदुरुस्ती योग्य बदल चुकीच्या ठिकाणी केल्यामुळे फसलेली असते.

डिजिटल चित्र हे बारीक चौकोनी ठिपक्यांचे बनलेले असते; या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात आणि प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा व निळा अशा तीन प्रकाशांच्या प्रमाणाचे तीन आकडे साठवलेले असतात. प्रत्येक आकड्याला आठ बिट दिले तर तो 0 ते 255 या मर्यादेत राहतो आणि तिन्हींच्या जुळणीतून सुमारे 1 कोटी 67 लाख वेगवेगळे रंग लिहिता येतात. ही पद्धत पडद्याला सोयीची आहे, पण माणसाच्या विचाराला नाही; ‘थोडे जास्त केशरी कर’ या सूचनेचे भाषांतर लाल, हिरव्या आणि निळ्याच्या आकड्यांत करणे अवघड असते. म्हणून 1978 मध्ये अमेरिकी संगणकतज्ज्ञ अॅल्वी रे स्मिथ यांनी हेच तीन आकडे दुसऱ्या रीतीने मांडण्याची पद्धत प्रसिद्ध केली, जी आज चित्रसंपादनाच्या जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये सापडते. तिच्यात पहिला आकडा वर्णछटेचा असतो, म्हणजे रंगचक्रावरचा कोन: 0 अंशावर लाल, 120 वर हिरवा, 240 वर निळा. दुसरा आकडा संपृक्ततेचा, म्हणजे रंग किती शुद्ध आणि किती राखाडी याचा. तिसरा उज्ज्वलतेचा, जो तीन घटकांपैकी सर्वांत मोठा घटक किती आहे एवढेच सांगतो.

आता एका हिरव्या संत्र्याचा एक पिक्सेल घेऊन प्रत्यक्ष गणित करून पाहणे उपयोगाचे ठरेल. समजा त्याचे आकडे लाल 90, हिरवा 140, निळा 40 असे आहेत. नव्या पद्धतीत त्याची वर्णछटा 90 अंश, संपृक्तता सुमारे 71 टक्के आणि उज्ज्वलता 55 टक्के येते. पिकलेल्या संत्र्याची वर्णछटा 30 अंशांच्या आसपास असते, तेव्हा सरकपट्टी 60 अंश मागे ओढली की काम झाले असे कोणालाही वाटेल. तसे केल्यावर मिळणारे आकडे आहेत 140, 90, 40, आणि पडद्यावर दिसणारा रंग केशरी नसून मातकट तपकिरी असतो. फळ पिकलेले न दिसता सडलेले दिसते. याचे कारण असे की तपकिरी नावाचा वेगळा रंग रंगचक्रावर कुठेच नाही, कमी उजेडातल्या केशरीलाच डोळा तपकिरी म्हणून ओळखतो. फळ खरोखर पिकल्यासारखे दिसायला 240, 130, 20 असे काहीतरी आकडे लागतात. त्यांचीही वर्णछटा 30 अंशच भरते, पण संपृक्तता 92 टक्क्यांच्या आणि उज्ज्वलता 94 टक्क्यांच्या घरात गेलेली असते. निसर्गात फळ पिकताना नुसती छटा फिरत नाही, साल उजळते आणि रंग दाट होतो. तीनही आकडे एकत्र चालतात, आणि रंगदुरुस्ती करणाऱ्यालाही ते एकत्रच चालवावे लागतात.

या गणितात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. हिरव्या आणि तपकिरी पिक्सेलची उज्ज्वलता वरील पद्धतीत अगदी सारखी, म्हणजे 55 टक्के होती, तरी डोळ्याला तपकिरी पिक्सेल स्पष्टपणे अधिक काळपट वाटतो. माणसाच्या डोळ्याला तिन्ही प्रकाश सारखे तेजस्वी वाटत नाहीत. पडद्यांसाठी रूढ असलेल्या मानकात एकूण तेजातला हिरव्याचा वाटा सुमारे 71.5 टक्के, लालचा 21 टक्के आणि निळ्याचा जेमतेम 7 टक्के धरला जातो. त्या हिशेबाने हिरव्या फळाचे तेज पांढऱ्याच्या सुमारे 21 टक्के, छटा फिरवून मिळालेल्या तपकिरीचे 13 टक्के आणि नीट साधलेल्या केशरीचे 34 टक्के भरते. छटेची सरकपट्टी फिरवताना चित्राचा उजेड नकळत घसरतो किंवा चढतो तो असा, आणि म्हणूनच अनुभवी चित्रकार रंग बदलल्यावर चित्र क्षणभर कृष्णधवल करून पाहतो व फळ पानांतून अजूनही उठून दिसते की नाही याची खात्री करतो.

छायाचित्रात फळाबरोबर पाने, फांदी, माती आणि आकाशही असते, तेव्हा बदल फक्त फळापुरता मर्यादित ठेवण्यासाठी मास्क वापरावा लागतो. मास्क म्हणजे मूळ चित्राच्याच मापाचे एक काळे-पांढरे चित्र, ज्यात पांढरा भाग बदल स्वीकारतो, काळा नाकारतो आणि मधला राखाडी भाग त्या प्रमाणात अर्धवट स्वीकारतो. संत्र्याच्या बाबतीत या राखाडी भागाला विशेष महत्त्व आहे, कारण सालीवर रंग एकदम सगळीकडे सारखा चढत नाही. आधी पिवळसर पट्टे उमटतात, मग ते पसरतात. हिरव्या आणि केशरी आकड्यांची नुसती सरासरी काढली तर 165, 135, 30 असा मळकट रंग येतो आणि तो साऱ्या फळावर सपाट पसरलेला असल्यामुळे खोटा दिसतो. त्याऐवजी पाडाच्या फळासाठी 200, 170, 40 असा जरा उजळ पिवळसर रंग हेतुपूर्वक निवडून तो डागडागांच्या मास्कमधून हिरव्यावर चढवला, तर तीच फांदी विश्वसनीय वाटू लागते. खेळाच्या प्रोग्रॅममध्ये हा मास्क चित्राच्या, लाल, हिरवा व निळा यांखेरीजच्या, चौथ्या घटकात साठवता येतो आणि कोणत्या फळाला किती रंग द्यायचा हे शेडर, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा अंतिम रंग मोजणारी छोटी आज्ञावली, खेळ चालू असतानाच ठरवू शकते. मग शंभर फळांसाठी शंभर चित्रे साठवावी लागत नाहीत.

एकाच चित्रातून अनेक रंगरूपे काढण्याची ही कल्पना खेळांच्या इतिहासात नवी नाही, किंबहुना सुरुवातीचे कित्येक खेळ तिच्याच आधाराने उभे होते. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 1983 मध्ये बाजारात आणलेल्या यंत्रात पन्नासएक रंग होते आणि त्यांतले एका वेळी पडद्यावर पंचवीसच दाखवता येत. चित्रात रंग साठवलेले नसत, रंगांचे क्रमांक साठवलेले असत, आणि कोणत्या क्रमांकाला कोणता रंग हे सांगणारी तालिका, म्हणजेच पॅलेट, वेगळी ठेवलेली असे. तालिका बदलली की तेच चित्र दुसऱ्या रंगांत दिसे. 1985 च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या खेळातला आकाशातला पांढरा ढग आणि जमिनीवरचे हिरवे झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त तालिका निराळी आहे. अवघ्या 40 किलोबाइटांत सारा खेळ बसवायचा असताना ही काटकसर अपरिहार्य होती. लाखो मुलांनी हा खेळ खेळला आणि ढग व झुडपाचा सारखेपणा त्यांच्या सहसा लक्षात आला नाही, यावरून वस्तू ओळखताना रंग आणि जागा आकाराच्या किती पुढे जातात हे दिसते.

तालिकेचा याहून समर्थ उपयोग 10 डिसेंबर 1993 रोजी प्रकाशित झालेल्या ‘डूम’ या खेळात आढळतो आणि तो जरा जवळून पाहण्यासारखा आहे. या खेळाला एका वेळी 256 रंग उपलब्ध होते. पण त्याच्या माहितीसाठ्यात या 256 रंगांच्या एकाऐवजी चौदा तालिका ठेवलेल्या होत्या. पहिली नेहमीची, पुढच्या आठ उत्तरोत्तर अधिक लाल, ज्या खेळाडूला इजा होताच क्रमाने वापरल्या जात, त्यांपुढच्या चार सोनेरी, वस्तू उचलल्याचे कळवणाऱ्या, आणि शेवटची हिरवी, विषारी प्रदेशात संरक्षक पोशाख घातल्याचे दाखवणारी. पडद्यावरचा एकही पिक्सेल नव्याने न रंगवता फक्त तालिका बदलल्यामुळे सारे दृश्य क्षणात लाल होई. याखेरीज चौतीस जोडतालिका होत्या, ज्यांतल्या बत्तीस प्रत्येक रंगासाठी क्रमाक्रमाने अधिक काळोखा पर्याय सांगत आणि त्यांतून खोलीतला अंधार निर्माण होई. एकत्र खेळणाऱ्या चार खेळाडूंच्या पोशाखासाठी तर चित्रकारांनी तालिकेतले 112 ते 127 हे सोळा हिरवे क्रमांक राखून ठेवले होते. बाकीच्या खेळाडूंसाठी या सोळांच्या जागी राखाडी, तपकिरी किंवा लाल रंगांचे सोळा क्रमांक वाचले जात आणि चेहरा, हात, शस्त्र यांना धक्का लागत नसे. पृष्ठभागाचा रंग, प्रकाशाचा रंग आणि अखेरचा संस्कार ही आजची त्रिविध विभागणी इतक्या तुटपुंज्या साधनांत त्या काळी किती स्पष्टपणे पाळली गेली होती, हे पाहून आदर वाटल्यावाचून राहत नाही.

आज संगणकाच्या स्मृतीची तशी टंचाई उरलेली नाही, परंतु तिच्या जागी दुसरी अडचण आली आहे आणि ती अधिक फसवी आहे. चित्रातला आकडा आणि प्रत्यक्ष प्रकाश यांचे नाते सरळ नसते. 1996 मध्ये ह्युलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी मांडलेल्या आणि आज सर्वत्र रूढ असलेल्या एसआरजीबी या मानकात 128 हा आकडा, जो 255 च्या निम्मा आहे, तो निम्मा प्रकाश न दाखवता केवळ 21.6 टक्के प्रकाश दाखवतो. निम्म्या प्रकाशासाठी 188 हा आकडा लागतो. डोळ्याला अंधाऱ्या छटांतले बारीक फरक उजळ छटांतल्या फरकांपेक्षा अधिक जाणवतात, म्हणून मर्यादित आकड्यांपैकी बरेचसे अंधाऱ्या बाजूला खर्च करण्याची ही योजना आहे आणि साठवणीसाठी ती उत्तमच आहे. मात्र दोन दिव्यांचा प्रकाश एकमेकांत मिळवायचा, किंवा सूर्यप्रकाशाने फळाच्या रंगाला गुणायचे, तर तो हिशेब खऱ्या प्रकाशाच्या प्रमाणात व्हायला हवा. त्यामुळे आधुनिक खेळयंत्रणा, म्हणजे गेम इंजिन, चित्र वाचताना त्यातील आकडे सरळ प्रमाणात उलगडते, सारी गणिते तेथे करते आणि पडद्यावर धाडण्यापूर्वी पुन्हा वक्र प्रमाणात गुंडाळते.

यातून एक नियम निघतो, जो न पाळल्यामुळे नवशिक्यांचे दिवसच्या दिवस वाया जातात. खेळातली सगळीच चित्रे रंगांची नसतात. काही चित्रांत रंगाच्या आकड्यांचा वेष घेतलेली निव्वळ मापे असतात. संत्र्याच्या सालीवरच्या बारीक खळग्यांचा उतार सांगणारा नॉर्मल मॅप हे त्याचे नेहमीचे उदाहरण आहे. तो चित्र म्हणून उघडला तर निळसर-जांभळा दिसतो, कारण सपाट पृष्ठभागासाठी त्यात 128, 128, 255 हे आकडे लिहिलेले असतात आणि तेथे 128 चा अर्थ ‘उतार शून्य’ असा आहे. या चित्राला कोणी रंगाचे चित्र समजून ते वक्र प्रमाणात वाचले, तर 128 चे 21.6 टक्के होतात, शून्य उताराच्या जागी भलताच उतार वाचला जातो आणि सपाट असायला हवी ती साल एका बाजूला कलल्यासारखी उजळते. रंगाच्या चित्रावर हवी तेवढी रंगदुरुस्ती करावी. मापाच्या चित्राला मात्र उजेडाची किंवा छटेची सरकपट्टी कधीही लावू नये.

पृष्ठभागाचा रंग ठरवताना छायाचित्रातून प्रकाश वेगळा काढणे हे सर्वांत कष्टाचे काम आहे. मोहगावच्या शिवारातल्या एखाद्या बागेत झाडाखाली उभे राहून फळाचे छायाचित्र घेतले, तर त्यात फळाच्या सालीचा रंग, पानांतून गाळून आलेला हिरवट उजेड, खालच्या काळ्या मातीवरून परतलेला अंधुक प्रकाश आणि वरच्या फळाची सावली हे सारे एकजीव झालेले असते. हे छायाचित्र तसेच्या तसे खेळात वापरले आणि त्यावर खेळातल्या सूर्याचा प्रकाश टाकला, तर फळावर दोन सावल्या पडतात: एक छायाचित्रात गोठलेली आणि दुसरी खेळातल्या सूर्याची, जी सूर्याबरोबर हलते. हे टाळण्यासाठी छायाचित्रकार ढगाळ दिवस पसंत करतो, कारण तेव्हा प्रकाश सर्व बाजूंनी मऊ येतो. आणि वस्तूजवळ करड्या रंगाचे एक प्रमाणित कार्ड धरून त्याचेही छायाचित्र घेतो. हे कार्ड त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी 18 टक्के प्रकाश परत पाठवते, म्हणजे नीट उजेडात घेतलेल्या व रंगतोल साधलेल्या चित्रात त्याचे तिन्ही आकडे 118 च्या जवळ यायला हवेत. झाडाखाली तेच आकडे 108, 124, 100 असे आले, तर हिरवा प्रकाश किती जास्त आहे हे कळते आणि आकडे सरळ प्रमाणात उलगडून प्रत्येक घटकाला योग्य त्या पटीने गुणले की पानांचा हिरवेपणा फळावरून निघून जातो. चोवीस रंगचौकटींचा तक्ता वापरल्यास हीच तपासणी अधिक काटेकोर होते.

मातीच्या बाबतीत चूक वेगळ्या दिशेने होते. या पट्ट्यातली काळी जमीन पावसानंतर इतकी गडद दिसते की चित्रकार तिला 15, 12, 10 अशा आकड्यांनी रंगवून मोकळा होतो. पण 15 या आकड्याचा प्रकाशातला अर्थ अर्धा टक्का परावर्तन असा होतो, आणि जगात इतका काळा नैसर्गिक पृष्ठभाग जवळजवळ सापडत नाही. कोळसासुद्धा पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे 4 टक्के परत पाठवतो, ज्याचा चित्रातला आकडा 56 च्या आसपास येतो. दुसऱ्या टोकाला ताजा बर्फ 80 ते 90 टक्के प्रकाश परतवतो. खेळासाठी पृष्ठभागाचे रंग या दोन मर्यादांच्या आत ठेवण्याचा प्रघात आहे, कारण अर्धा टक्का परावर्तनाच्या मातीवर खेळातला सूर्य कितीही प्रखर केला तरी ती उजळत नाही आणि बागेच्या मधोमध भोक पडल्याचा भास होतो. माती काळी दिसावी ती प्रकाशाच्या आणि शेजारच्या रंगांच्या तुलनेत. तिच्या आकड्यांत काळोख ओतण्याची गरज नाही.

पृष्ठभाग प्रामाणिक ठेवला की ऋतू आणि प्रहर प्रकाशाच्या रंगातून आणता येतात. मोहगावहून फार दूर नसलेल्या पांढुर्ण्याच्या जाम नदीचा काठ दाखवायचा आणि काळ पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा, म्हणजे भाद्रपदाच्या आरंभीचा घ्यायचा, तर ढगांतून गाळलेला निळसर पांढरा प्रकाश, पुसट सावल्या आणि गढूळ पाणी हवे. तोच काठ मार्चअखेरच्या संध्याकाळी दाखवायचा तर सूर्याचा प्रकाश पिवळसर-केशरी आणि सावल्या आकाशाच्या निळ्या छटेने भरलेल्या हव्यात. दोन्ही दृश्यांत मातीचे, दगडांचे आणि पळसाच्या खोडाचे मूळ आकडे तेच राहतात. एखाद्याने घाईने ही संध्याकाळ मातीच्या चित्रातच केशरी रंग मिसळून आणली, तर तीच माती पावसाळ्याच्या दृश्यातही केशरी राहते आणि मग ती निवळण्यासाठी आणखी एक दुरुस्ती, त्या दुरुस्तीसाठी तिसरी, अशी साखळी सुरू होते.

वास्तवाशी इमान राखणारी ही शिस्त प्रत्येक खेळाला लागू पडतेच असे नाही, आणि याचे मराठी भूमीवरचे लक्षणीय उदाहरण पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने तयार केलेल्या ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ या खेळात मिळते. ऑगस्ट 2020 मध्ये तो प्रथम निन्टेन्डो स्विच या यंत्रावर आला आणि त्याच वर्षीच्या ‘द गेम अॅवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील उत्कृष्ट खेळाच्या नामांकनांत त्याची निवड झाली. राजस्थानी वास्तूंच्या धर्तीवरचे महाल, भिंतींवरची देवदेवतांची चित्रे आणि पहाडी लघुचित्रशैलीवरून घेतलेली रंगयोजना यांमुळे तो पाहताक्षणी वेगळा ओळखू येतो. लघुचित्रांची रंगदृष्टी छायाचित्राच्या अगदी उलट असते: तीत एका दिशेने येणारा सूर्य नसतो, पडछाया नसते, लाल ओढणी चित्रात कुठेही असली तरी तितकीच लाल असते. अशी शैली प्रकाशाचे गणित करणाऱ्या यंत्रणेत आणताना दोघांत तह घडवावा लागतो. चित्रकाराने हाताने रंगवलेली छटा आणि यंत्राने टाकलेली छटा एकावर एक पडली तर रंग काळवंडतात, आणि यंत्राचा प्रकाश पूर्ण काढून टाकला तर वस्तू जमिनीवर टेकल्यासारख्या वाटत नाहीत. अशा शैलीत रंगदुरुस्तीचे मोठे काम सावल्यांत असते. सावलीला काळे न करता गडद निळ्या किंवा जांभळ्या छटेत नेले, म्हणजे उजेड कमी करून संपृक्तता टिकवली, की लघुचित्रातली ती रंगांची भरदार शांतता पुष्कळशी टिकते. भारतीय चित्रपरंपरेचे रंग खेळात आणायचे ते नुसत्या कमानी आणि जाळ्या काढून येत नाहीत. सावलीचा रंग कोणता, या प्रश्नाचे परंपरेने दिलेले उत्तरही घ्यावे लागते, आणि या दिशेने महाराष्ट्रात अजून पुष्कळ काम होण्याजोगे आहे.

तिसरी जागा अखेरच्या संस्काराची. पृष्ठभाग आणि प्रकाश यांचे गणित संपून चित्र तयार झाल्यावर प्रत्येक पिक्सेल एका रूपांतर-तक्त्यातून पार केला जातो, ज्याला व्यवसायात ‘लट’ म्हणतात. अनरिअल या प्रसिद्ध खेळयंत्रणेत हा तक्ता 256 पिक्सेल लांब आणि 16 पिक्सेल उंच अशा छोट्या चित्राच्या रूपात देता येतो. त्यात लाल, हिरवा आणि निळा यांच्या प्रत्येकी सोळा पायऱ्यांच्या जुळणीतून होणारे 4096 रंग असतात आणि मधल्या रंगांसाठी यंत्रणा अंदाज काढते. याची सोय अशी की चित्रकार खेळातल्या दृश्याचे एक स्थिरचित्र घेतो, त्याच्या कोपऱ्यात मूळ तक्ता चिकटवतो, नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्याची एकत्र रंगदुरुस्ती करतो आणि बदललेला तक्ता कापून खेळाला परत देतो. त्याने केलेली प्रत्येक दुरुस्ती त्या तक्त्यात नोंदली गेलेली असते. अर्थात तक्त्याला वस्तू दिसत नाही, फक्त आकडे दिसतात. संत्रे अधिक केशरी करावे म्हणून त्यात केशरी वाढवला तर संध्याकाळचे आकाश, विटांची भिंत आणि माणसांचे चेहरेही केशरी होतात. खेळांमध्ये हा संस्कार गरजेपेक्षा जास्त वापरला जातो, याचे कारण तो सर्वांत स्वस्त आणि झटपट आहे. पण पृष्ठभाग व प्रकाश यांतल्या उणिवा झाकण्यासाठी वापरलेला तक्ता प्रत्येक दृश्याला एकच रंगचव देतो आणि दहा वेगवेगळ्या देशांतले खेळ एकसारखे दिसू लागतात.

या साऱ्या खटाटोपाची कसोटी अखेर पाहणाऱ्याच्या डोळ्यावर लागते, आणि सगळ्यांचे डोळे सारखे नसतात. लाल आणि हिरव्या रंगांत फरक करण्याची शक्ती जन्मतःच कमी असणारी माणसे प्रत्येक समाजात असतात. या दोषाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे तो पुरुषांत अधिक आढळतो, आणि युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्याचे प्रमाण सुमारे 8 टक्के, तर स्त्रियांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास असल्याचे मानले जाते. खेळात पिकलेलीच फळे तोडायची असा नियम असेल आणि पिकलेपणाची खूण केवळ छटा असेल, तर अशा खेळाडूला खेळ अन्यायाचा वाटेल. वर पाहिलेला हिरवा आणि छटा फिरवून मिळालेला तपकिरी हे दोन रंग त्याला एकमेकांत मिसळलेले दिसण्याची शक्यता मोठी आहे. परंतु 21 टक्के तेजाचा हिरवा आणि 34 टक्के तेजाचा केशरी यांत उजेडाचाही फरक असल्यामुळे तो त्याला बऱ्यापैकी ओळखता येतो. सामान्य डोळ्यासाठी केलेली चांगली रंगदुरुस्ती येथे दुसऱ्यांदा कामाला येते, आणि त्यात सालीची चमक किंवा देठाचा वेगळा आकार अशी एखादी बिनरंगी खूण जोडली तर अडचण जवळजवळ नाहीशी होते.

पडद्यांची भिन्नता हा शेवटचा अडसर आहे. चित्रकार अंधाऱ्या खोलीत महागड्या पडद्यावर काम करतो, तर खेळणारा पुष्कळदा दुपारच्या उजेडात साध्या मोबाइलवर खेळतो, जेथे आकाशाचे प्रतिबिंब काचेवर पडून गडद छटांतले सारे बारकावे गिळून टाकते. शिवाय मोबाइलमध्ये चित्रे लहान चौकटींच्या गटांनी दाबून साठवली जात असल्यामुळे मंद रंगचढणींत पायऱ्या दिसू लागतात, आणि याचा पहिला फटका काळ्या जमिनीला व सायंकाळच्या आकाशाला बसतो. म्हणून काळजीपूर्वक काम करणारे चित्रकार रंगदुरुस्ती करताना एक स्वस्त फोन शेजारी ठेवतात, तो उन्हात नेऊन पाहतात, मातीच्या गडद भागात अगदी बारीक रवाळ ठिपके मिसळून पायऱ्या मोडतात आणि फळ, पान व माती यांच्या तेजात पुरेसे अंतर उरले आहे याची खात्री झाल्यावरच तिन्ही अवस्थांचे आकडे कायम करतात.